वॉर्डमध्ये रुग्णाची शारीरिक तपासणी: सुरुवात नक्की कुठून करायची?

सेमिस्टर_दोन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमात नर्सिंग फाउंडेशनच्या दुसऱ्या भागालाच हेल्थ असेसमेंटचं मोड्यूल जोडलेलं आहे. त्यामुळे लॅबमध्ये पुतळ्यावर आणि एकमेकींवर डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून झाली आहे. चेकलिस्ट पाठ आहे. टाळू, डोळे, कान, नाक, तोंड, मान, छाती, पोट, हातपाय, पाठ, सगळं क्रमाने सांगता येतं.

आता मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग आहे आणि अडचण वेगळीच आहे. एका पेशंटजवळ शांतपणे अर्धा तास मिळत नाही. राउंड येतो, मावशी फरशी पुसायला येतात, नातेवाईक डबा घेऊन येतात. पेशंट म्हणतात, "आत्ताच तर त्या सिस्टरनी बघितलं, परत काय?" मग बीपी-टेंपरेचर घ्यायचं आणि बाकीचं केस पेपरवर आधी लिहिलंय तेच उतरवायचं, असं बरेच जण करतात. मला तसं करायचं नाहीये.

हातात १०-१५ मिनिटंच असतील तर सुरुवात कुठून करावी? काय कधीच सोडू नये? छाती-पोट स्टेथोस्कोपने ऐकणं नर्सने करायचं की ते डॉक्टरांवर सोडायचं? आणि पेशंटचा संकोच कसा सांभाळता? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

---

रात्रपाळी

प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलास. तुला "अगं-तुगं" केलं तर चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

सुरुवात पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून कर, हात न लावता. अर्धा मिनिट फक्त बघायचं. पेशंट आडवा आहे की उठून, पुढे झुकून, हात गुडघ्यांवर टेकवून बसलाय? बोलताना एक वाक्य एका दमात पूर्ण होतंय का? मानेचे स्नायू श्वासाबरोबर ओढले जातायत का? ओठांचा रंग कसा आहे, कपाळावर घाम आहे का? दोन्ही हात सारखे हलवतोय का, की एक नुसता पडून आहे? मग पलंगाच्या आजूबाजूला बघ. लघवीच्या पिशवीत किती जमलंय, रंग कसा आहे. सलाईन कोणत्या वेगाने चाललंय. ऑक्सिजन किती लिटरवर आहे. सकाळचा डबा तसाच बांधलेला आहे का. काल पोहे खाल्लेला माणूस आज चहालाही नको म्हणतोय, ही माहिती कोणत्याही मशीनवर दिसणार नाही.

मग जवळ जाऊन नाव सांग, काय करणार आहेस ते सांग, हात धुऊन त्यांचा हात हातात घे. त्या एका हातात खूप काही असतं. गरम आहे की थंड, कोरडा की घामेजलेला, पकड कशी आहे, नखं फिकी आहेत का. नख दाबून सोड. रंग २-३ सेकंदांत परत यायला हवा. इंट्राकॅथची, म्हणजे सलाईनच्या सुईची, जागा लाल, सुजलेली, दुखरी आहे का ते तिथेच दिसतं. नाडी मोजता मोजता बोलत राहा. "घरून कोणाबरोबर आलात? आज जेवलात का? रात्री झोप लागली का?" उत्तरं नीट जुळून आली तर शुद्ध, स्मरण, बोलणं तिन्ही कळतं. पंतप्रधान कोण आणि आज तारीख काय हे विचारून पेशंट बिचकतात. वॉर्डात महिनाभर पडलेल्या माणसाला तारीख तुला-मलाही सांगता आली नसती.

त्यानंतर चेकलिस्टच्या क्रमाने जाऊ नकोस, तक्रारीच्या क्रमाने जा. दम लागणाऱ्याची छाती आधी. पोटात कळ येणाऱ्याचं पोट आधी. पॅरालिसिसच्या पेशंटची शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या आणि हातापायांची ताकद आधी. राउंड आला आणि मध्येच सोडावं लागलं तरी मुख्य गोष्ट झालेली असते. उरलेलं स्पंजिंग करताना (ओल्या कपड्याने अंग पुसताना), चादर बदलताना, कूस बदलताना होतं. पाठ बघायला स्पंजिंगसारखी दुसरी वेळ नाही.

कधीच न सोडायचं ते असं: श्वासाचा वेग, शुद्ध, लघवी, सुईची जागा आणि पाठीची कातडी.

आणि आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून हॅन्डओव्हर टेबलाशी बसून घेऊ नकोस. पलंगापाशी घे. कालच्यापेक्षा आज काय बदललंय हे कळणं, सगळी तपासणी त्यासाठीच असते. एकट्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. नाडी ९६ म्हणजे नॉर्मल, पण काल याच पेशंटची ७२ होती आणि आज ताप नाही, मग तिथे थांबून विचार करायला हवा.

---

ब्रदर_सातपूर

रात्रपाळी ताईंना पूर्ण अनुमोदन. मी आयसीयूला आहे, म्हणून श्वासाबद्दल स्वतंत्र लिहितो.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडा. खूप ठिकाणी प्रत्येक पेशंटचा, प्रत्येक वेळचा श्वास २० लिहिलेला सापडेल. सगळ्यांचा श्वास दिवसरात्र २० कसा असेल? मशीन बीपी देतं, नाडी देतं, ऑक्सिजन देतं. श्वास साध्या मशीनवर येत नाही, तो माणसाने मोजावा लागतो, म्हणून तोच गाळला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तोही तोच. बीपी खूप उशिरापर्यंत टिकून राहतं, विशेषतः तरुण पेशंटमध्ये.

मोजायचा पूर्ण ६० सेकंद. पेशंटला सांगून मोजू नका, सांगितलं की तो बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर छातीकडे वळवा आणि मोजत राहा. प्रौढांमध्ये १२ ते २० नॉर्मल. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा २०१७चा न्यूज-टू नावाचा स्कोअर आहे, पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजणारा. त्यात श्वास २५ किंवा जास्त असला तर त्या एकाच गोष्टीला सर्वाधिक, म्हणजे ३ गुण मिळतात. ८ किंवा कमी असला तरी ३. एकूण बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टरांनी बघायचं, ७ झाली की आणीबाणी. आपल्याकडे सगळीकडे तो वापरत नाहीत, पण विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा. नजर तयार होते.

शुद्धीबद्दल: ग्लासगो कोमा स्केल टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये मांडलं. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. नुसतं "जीसीएस १०" असं लिहू नका. डोळे किती, बोलणं किती, हालचाल किती ते वेगवेगळं लिहा. पुढच्या पाळीला कळायला हवं की नक्की काय घसरलं. अजून एक, बागलाण-कळवणकडून आलेले आजोबा अहिराणीत उत्तर देत असतील आणि आपल्याला समजत नसेल, तर "गोंधळलेले" असं लिहिण्याआधी त्यांच्या नातवाला विचारा.

---

आडगावनाका

मी शिकवते, त्यामुळे क्रमाबद्दल थोडं लिहिते. पोरींची परीक्षेत हमखास गल्लत होते ती इथे.

चार पद्धती: बघणं, हाताने चाचपणं, बोटांनी ठोकणं, स्टेथोस्कोपने ऐकणं. शरीरभर हाच क्रम. अपवाद पोटाचा. पोट बघून झालं की आधी ऐकायचं, मग ठोकायचं, आणि चाचपायचं सगळ्यात शेवटी. आधी दाबलं तर आतड्यांची हालचाल बदलते आणि ऐकू येणारे आवाज बदलतात. एरवी मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज येतात. "आवाज नाहीत" असं लिहायचं असेल तर पूर्ण ५ मिनिटं ऐकलेलं असलं पाहिजे.

पोट तपासण्याआधी लघवी करून यायला सांगा. गुडघे दुमडून झोपवा, पोट सैल पडतं. "कुठे दुखतंय, एका बोटाने दाखवा" असं विचारा आणि तिथे सगळ्यात शेवटी हात लावा. हात आधी चोळून गरम करून घ्या. आणि दाबताना आपल्या हाताकडे बघू नका, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा. "नाही दुखत" म्हणणाऱ्या आजीबाईंच्या भुवया खरं सांगतात.

छाती ऐकणं नर्सचं काम आहे का? हो, निःसंशय. निदान करायला आपण ऐकत नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हवा खालपर्यंत पोहोचतेय का, नवीन घरघर किंवा बुडबुडे आले का, सक्शन केल्यावर (नळीने कफ ओढून काढल्यावर) फरक पडला का, हे रात्री ३ वाजता नर्सलाच कळायला हवं. तोंड उघडून सावकाश श्वास घ्यायला सांगा. एक जागा डावीकडे, तीच उजवीकडे, अशी तुलना करत खाली या. पाठीमागून जरूर ऐका, फुप्फुसांचा खालचा भाग पाठीकडून नीट ऐकू येतो. स्टेथोस्कोप कातडीवर ठेवा. स्वेटर किंवा साडीच्या पदरावरून ऐकलं तर कापडाचाच आवाज ऐकू येतो.

अवांतर: बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१मध्ये प्रसिद्ध केली. वडील खानावळवाले, आणि वाइनच्या पिंपावर ठोकून ती किती भरलीत ते बघताना त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. स्टेथोस्कोप त्यानंतर अर्ध्या शतकाने आला, १८१६मध्ये, फ्रान्सच्या लेनेक यांच्यामुळे. वर्गात हे सांगितलं की मुलींना पर्कशन, म्हणजे हे ठोकणं, लक्षात राहतं.

---

रात्रपाळी

मॅडम, आदर ठेवून एक मतभेद. ठोकून तपासणं वॉर्डातल्या नर्सने रोज करायची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. त्यात हात बसायला फार वेळ लागतो आणि आवाज वॉर्डाच्या गोंगाटात कळत नाही. मी विद्यार्थिनीला सांगेन की आधी बघणं आणि स्पर्श पक्का कर.

---

आडगावनाका

रोज सगळ्यांवर नको, मान्य. पण फुगलेलं मूत्राशय? ऑपरेशननंतर ६-७ तास लघवी झाली नाही, पेशंट अस्वस्थ आहे, ओटीपोट वर आलंय. तिथे दोन बोटांनी ठोकलं तर भरीव आवाज येतो आणि लगेच कळतं. कॅथेटर आहे पण पिशवीत काही नाही, तेव्हाही आधी हेच बघायचं. नळी मुडपलेली किंवा तुंबलेली असते आणि आपण किडनीची काळजी करत बसतो. एवढ्यापुरतं तरी यायला हवं.

---

रात्रपाळी

एवढ्यापुरतं शंभर टक्के मान्य.

---

सेमिस्टर_दोन

खूप आभार सगळ्यांचे. डब्याकडे बघायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. संकोचाबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. माझ्या बॅचला दोन मुलगेही आहेत, त्यांना तर बायकांच्या वॉर्डात उभंही करत नाहीत.

---

ब्रदर_सातपूर

मी लिहितो, कारण हे रोज अनुभवतो.

पडदा ओढा. नसेल तर चादर आडवी धरायला कुणाला तरी सांगा. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवा, पण "बाहेर व्हा" असं नको. "काकू, जरा तपासून घेतो, तुम्ही दाराशी थांबा, लगेच बोलावतो" असं म्हणा. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, झाला की लगेच झाका. पेशंट बाई असेल आणि तपासणारा पुरुष असेल तर बरोबर सिस्टर किंवा मावशी हव्यातच. यात दोघांचंही संरक्षण आहे. आणि नाही म्हणाल्या तर नाही. सिस्टरला बोलवा, "रुग्णाने नकार दिला, अमुक सिस्टरनी तपासलं" असं लिहा.

मुलींनीही पुरुष पेशंटला हे सगळं तसंच लागू करायचं. साठीचे बाबा लघवीबद्दल पोरीला सांगत नाहीत, दोन दिवस त्रास अंगावर काढतात. त्यांना सरळ, हलक्या आवाजात विचारायचं. आजूबाजूच्या तीन पलंगांना ऐकू जाईल असं नाही.

---

घाटमाथा

मी सुरगाण्याकडच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. इथे एक्स-रे नाही, लॅब लांब, म्हणून डोळे आणि हात यांवरच बरंचसं चालतं. काही गोष्टी वॉर्डवाल्यांनाही उपयोगी पडतील.

फिकेपणा आणि कावीळ दिवसाउजेडी बघा. ट्यूबलाइटमध्ये, पिवळ्या बल्बमध्ये फसायला होतं. आम्ही पेशंटला पडवीत आणतो. आपल्या लोकांच्या सावळ्या कातडीवर चेहऱ्याचा रंग बघून काही ठरवू नये. खालची पापणी ओढून आतला भाग, जीभ, तळहात बघावेत. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात. निळसरपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला.

आमच्या पट्ट्यात फिकी, वारंवार हातपाय दुखणारी, डोळे पिवळसर दिसणारी मुलं-मुली आली की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मनात ठेवावाच लागतो. २०२३च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात तपासणी होते. नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलात अशी मुलगी "अंगदुखी" म्हणून आली तर तिचा तालुका आणि घरातल्या इतरांचा त्रास विचारा. कळा खऱ्या असतात, ती नाटक करत नाही. आणि अशा पेशंटला ताप, छातीत दुखणं किंवा दम लागत असेल तर ते घाईचं आहे.

लहान मुलांचं तंत्र पूर्ण वेगळं. मूल आईच्या मांडीवरच राहू द्या. ते शांत असताना आधी श्वास मोजा, मग छाती ऐका, कान-घसा सगळ्यात शेवटी. एकदा रडायला लागलं की श्वास मोजून उपयोग नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. झबलं वर करून छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का ते बघा, कपड्यावरून ते दिसत नाही. दंडाचा घेर ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही बघायचं. गुटगुटीत दिसणारं मूल सुजलेलं असू शकतं.

---

द्राक्षबाग

मी नर्सिंगमधला नाही, निफाड तालुक्यातला शेतकरी. धागा वाचतोय, फार उपयोगी आहे. एक विचारतो. बागेत फवारणी करताना माणसाला चक्कर आली, मळमळलं की आम्ही लिंबूपाणी देऊन सावलीत बसवतो. ऊन लागलं की औषध लागलं हे कसं ओळखायचं?

---

घाटमाथा

दादा, विचारलंत ते फार बरं केलं. ओळखत बसण्यात वेळ घालवू नका, फवारणी चालू असताना त्रास झाला तर औषधच लागलंय असं धरून चाला. सगळ्यात आधी त्या जागेपासून लांब न्या. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, डोळे नुसत्या पाण्याने. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी मुद्दाम काढू नका, तोंडाने काही देऊ नका. औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन थेट दवाखान्यात. १०८ला फोन करा.

सिस्टर लोकांसाठी: काही कीटकनाशकांत, ऑर्गनोफॉस्फेट गटातल्यांत, चित्र ओळखता येतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगभर घाम, उलट्या-जुलाब, छातीत घरघर, स्नायू बारीक बारीक फडफडतात. नाडी बऱ्याचदा मंद, पण जलदही असू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका. उष्माघातात अंग तापलेलं आणि शुद्ध बिघडलेली असते, पण बाहुल्या अशा बारीक होत नाहीत. आपण कॅज्युअल्टीत बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या आणि पेशंट बागेतून आलाय हे विचारलं, तर डॉक्टरांचे मोलाचे क्षण वाचतात. ॲट्रोपिन (या विषावरचं औषध) सुरू झाल्यावर छातीतली घरघर कमी होतेय का हे पुन्हा पुन्हा ऐकणं आपल्याच हातात आहे.

---

द्राक्षबाग

धन्यवाद ताई. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लिहून लावतो.

---

ब्रदर_सातपूर

निफाडचा विषय निघाला म्हणून थंडीचं लिहितो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पेशंट येतात, बोटं बर्फासारखी गार. पल्स ऑक्सिमीटर लावला की ८४ दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही. आधी हात चोळून गरम करा, मशीनवरची नाडी आणि तुम्ही मोजलेली नाडी जुळते का बघा. जुळत नसेल तर तो ऑक्सिजनचा आकडा धरू नका. गडद नेलपॉलिश काढा, गडद मेंदी असेल तर कानाची पाळी वापरा. सावळ्या त्वचेवर मशीन खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडाही दाखवू शकतं, म्हणून ९४ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय तर माणसावर विश्वास ठेवा.

आणि बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब आलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, एक जण उठत नाहीये, तर ऑक्सिमीटर ९८ दाखवेल आणि ते खोटं असेल. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात चिकटलेला असतो आणि हे साधं मशीन त्याला ऑक्सिजनच समजतं. अशा वेळी घरातल्या सगळ्यांना सारखाच त्रास होतोय का, शेगडी होती का, हे विचारणं हीच खरी तपासणी.

---

इंदिरानगर_सून

मी सासूबाईंची घरी काळजी घेते, पॅरालिसिसमुळे त्या पूर्ण पलंगावर आहेत. केअरटेकर येते पण ती नर्स नाही. रोज काय बघायला हवं ते कुणी साध्या भाषेत सांगाल का?

---

रात्रपाळी

ताई, सकाळी अंग पुसतानाच बघायचं, वेगळा वेळ नको.

कातडी: माकडहाड, दोन्ही नितंबांची हाडं, टाचा, घोटे, कोपर, खांदे, डोक्याची मागची बाजू. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचला. रंग फिका होऊन परत आला तर दाब नुकताच पडलाय, कूस बदला आणि त्या जागेवर अजिबात झोपवू नका. दाबूनही लाली तशीच राहिली तर जखम सुरू झालीय. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागते का ते हाताने बघा. साधारण दर २ तासांनी कूस बदला, टाचांखाली नाही तर पोटऱ्यांखाली उशी ठेवा म्हणजे टाचा अधांतरी राहतील. लाल जागा चोळू नका. टाल्कम पावडरचा थरही नको.

सूज: पलंगावरच्या माणसाला सूज पावलांवर येईलच असं नाही, ती पाठीच्या खालच्या भागात, माकडहाडाजवळ साठते. तिथे अंगठा दाबून बघा.

पोटऱ्या: एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर मालिश बंद. तेल लावून चोळायची आपल्याकडे फार सवय आहे, पण आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा, ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

तोंड: गालाच्या आत अन्न साठून राहतं का, जीभ कोरडी आहे का. भरवताना ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का. हे असेल तर भरवणं थांबवून विचारा, नाहीतर न्यूमोनिया होतो.

पाणी कमी पडतंय का हे बघायला हाताची कातडी चिमटीत धरू नका, वयामुळे ती तशीही सैल असते. गळ्याच्या हाडाखाली बघा. त्यापेक्षाही लघवीचा रंग आणि प्रमाण जास्त खरं सांगतं.

एकाएकी सुस्त झाल्या, बोलणं बदललं, तर पहिल्यांदा साखर तपासा. ७०च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. साखर ठीक असूनही बोलणं किंवा हातपाय बदललेलेच असतील तर तेही घाईचं, पुन्हा झटका असू शकतो.

---

फिजिओ_गंगापूररोड

पायांबद्दल माझी भर. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरला येतात, श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. बरेच जण अनवाणी. त्यानंतरच्या आठवड्यात मधुमेही लोक पायाला जखम घेऊन येतात आणि "कधी लागलं कळलंच नाही" म्हणतात. पेशंट कशासाठीही भरती असो, मधुमेही असेल तर मोजे काढून दोन्ही पाय बघाच. बोटांच्या बेचक्या, तळवा, टाचेच्या भेगा. पावलावरची नाडी चाचपा. संवेदना बघायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक तंतू) मिळतो, पेशंटला डोळे मिटायला सांगून लावायचा. चप्पलही हातात घेऊन आतून बोट फिरवा, खिळा वर आलेला असतो.

उभं करताना: झोपलेल्या अवस्थेतलं बीपी घ्या, उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत परत घ्या. वरचं २० किंवा खालचं १०ने उतरलं तर तो पेशंट एकटा बाथरूमला जाता कामा नये, हे मावशींनाही सांगा. वॉर्डातल्या कितीतरी पडण्यांचं कारण हेच असतं.

---

आडगावनाका

बीपीचा विषय निघालाच आहे तर: कफचा फुगणारा भाग दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवा. जाड दंडाला छोटा कफ बांधला तर आकडा खोटाच वाढतो आणि फुकट गोळी वाढते. ५ मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, हात हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना गप्पा नकोत. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हाताला कफ बांधायचा नाही.

---

सेमिस्टर_दोन

माझी वही भरत आलीय. काल बेड बदलताना एका आजींच्या टाचेवर न जाणारी लाली दिसली, इनचार्ज सिस्टरना दाखवली, त्यांनी लगेच उशी लावून चार्टवर घेतली. शेवटचा प्रश्न. रात्री काही वेगळं सापडलं तर डॉक्टरांना फोनवर सांगायचं कसं? "पेशंट बरा वाटत नाहीये" म्हटलं की "व्हायटल्स काय?" (नाडी, बीपी, श्वास, ताप) असं विचारतात आणि मी गडबडते.

---

रात्रपाळी

पेशंटपाशी उभी राहून, केस पेपर आणि चार्ट हातात घेऊन फोन लाव. विद्यार्थिनी आहेस तोवर ड्युटीवरच्या सिस्टरना आधी बोलव, फोन त्यांच्यासमोर. मी साधारण असं बोलते. पेशंट काल्पनिक आहे.

"सर, मेडिसिन वॉर्डातून बोलतेय. बेड ११, ५८ वर्षांचे पुरुष, परवा न्यूमोनियासाठी भरती. रात्री १० वाजता श्वास १८ होता, आता २ वाजता २८ आहे. ऑक्सिजन २ लिटरवर ९१, आधी ९६ होता. नाडी ११६, बीपी १०० बाय ६०, ताप १०१.८. उजवीकडे खाली हवा कमी ऐकू येतेय, मघापासून बोलण्यात गोंधळ आहे. चार तासांत लघवी ६० मिली. डोकं वर केलंय, साखर १४२ आहे. हे बिघडतायत असं मला वाटतंय, तुम्ही आत्ता येऊन बघावं. येईपर्यंत काय सुरू करू?"

यात कोण, आधी काय होतं, आता काय आहे, मी काय केलं, मला काय हवं, एवढं सगळं येतं. "आत्ता या" हे स्पष्ट म्हणायचं, आडून नाही.

---

ब्रदर_सातपूर

या पेशंटची न्यूज-टूची बेरीज केली तर १६ येते. बीपी एकटं बघितलं असतं तर "१०० आहे, बघू सकाळी" असं म्हणून कुणीतरी पुढे गेलं असतं.

भर एवढीच. फोनवर मिळालेली ऑर्डर औषधाचं नाव, डोस आणि मार्ग यांसह त्यांना परत वाचून दाखव, "हो" आलं की मगच दे. फोनची वेळ, कोणाशी बोललीस आणि काय सांगितलं ते नर्सिंग नोट्समध्ये त्याच क्षणी लिही. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर परत फोन, तरीही नाही तर त्यांच्या वरच्या डॉक्टरांना. आणि तोवर दर ५ मिनिटांनी श्वास मोजत राहा, डॉक्टर आत आल्यावर पहिला प्रश्न तोच असेल.